सातवा आठवडा: झाड उभं राहिलं, मढं अजून हलतंय

योगासनांची जागा तीच, अमळनेरच्या घराची गच्ची. पहाटे साडेपाचला फरशी अजून कालच्या उन्हाने कोमट असते, आणि सातनंतर तिथे थांबण्यात अर्थ नाही. चटई घ्यायची राहूनच गेली; जाड सतरंजी खालून ओली करून टाकतो, सरकत नाही.

उत्तानासनात, म्हणजे उभ्याने पुढे वाकताना, आधी बोटं कशीबशी नडगीपर्यंत पोचायची. आता घोट्याच्या चार बोटं वर आहेत. फरक पडला तो एकाच गोष्टीने: पाठीचा बाक काढणं सोडलं, खुब्यातून वाकायला लागलो आणि गुडघे सरळ ठेवायचा हट्ट सोडला. भुजंगासनात हातांनी रेटू नका, एवढंच. पवनमुक्तासन नावाला जागतं, गच्चीवर एकट्यानेच करावं.

वृक्षासन उजव्या पायावर 40 सेकंद, डाव्यावर 15. उचललेल्या पायाचा तळवा गुडघ्यावर टेकवत नाही. मांडीपर्यंत जात नसेल तर खाली पोटरीवर. नजर शेजारच्यांच्या टाकीवर ठेवतो. मंगळवारी टाकीवर बसलेलं कबुतर उडालं, माझी नजर त्याच्याबरोबर गेली आणि मी सतरंजीवर. डोळे मिटून पाहिलं, तीन सेकंदही टिकलो नाही. निम्मा तोल डोळेच सांभाळत असतात, हे असं कळतं.

खरा घोळ शवासनाचा. सगळ्यांत सोपं समजून ते मी शेवटी दोन मिनिटांत उरकायचो. नीट दहा मिनिटं पडायचं ठरवलं तर डोक्यात किराण्याची उधारी सुरू. कोणाकडे किती राहिले, तेलाचे डबे कधी येणार. पाय सैल, हात सैल, आणि दात एकमेकांवर गच्च आवळलेले! जबड्याचा ताण लक्षात यायलाच तीन आठवडे गेले. परवा आई वाळवणं घेऊन वर आली, डोक्याशी उभी राहून म्हणते, "जपी गया का रे?" झोपलो असतो तर बरं झालं असतं.

उपयोग झाला तो श्वासाचा. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, मध्ये रोखायचा नाही. श्वास सोडताना नाडी मंदावते, मनगटावर बोट ठेवलं तर समजतं. मोजायची खोड मला आमच्या गावामुळे लागली म्हणा. स्वामी कुवलयानंद इथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. 1923 मध्ये ते ब्रिटिश सरकारने बंद पाडलं, आणि 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. माझी प्रयोगशाळा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. गुरुवारी आधी नाडी 78, दहा मिनिटांनी 66. शुक्रवारी 80 आणि 79, कारण खाली दुकानासमोर माल उतरत होता.

शवासनात पाठ दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी घ्या. उठताना झटक्यात बसू नका, कुशीवर वळून हाताचा आधार घ्या. पहिल्या आठवड्यात मला याच घाईने भोवळ आली होती.

पुढच्या आठवड्यात डावा पाय 20 सेकंदांवर न्यायचाय. मध्ये आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे, म्हणजे मांडे आणि आमरस. त्या दुपारी फक्त वज्रासन, तेही घोट्यांखाली गोधडीची घडी घालून.