विहिरीचं सवळं पाणी, आठ बाय चारचा पत्रा आणि ऊन: माझा अनुभव

आमच्या विहिरीचं पाणी जनावरंसुद्धा आधी हुंगतात, मग पितात. चहा केला तर दूध नासतंय की काय असं वाटतं, डाळ शिजता शिजत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या कागवाड तालुक्यात कृष्णेपासून फार लांब नाही आमची वस्ती, त्यामुळं बाहेरच्या पाहुण्यांना हे पटतच नाही. नदी एवढी जवळ आणि प्यायला पाणी नाही?

कारण आमच्याच पायाखाली आहे. काळी जमीन, बारमाही ऊस, पाट भरून दिलेलं पाणी आणि निचऱ्याच्या नावानं बोंब. खालच्या पाण्याची पातळी वर आली, क्षार तिच्याबरोबर वर आले. शिरोळ-मिरजेपासून इकडं अथणी, रायबागपर्यंत नदीकाठानं खारपड जमिनी दिसतात त्या अशाच. उन्हाळ्यात बांधाकडेला पांढरा थर फुटतो. ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ ठेवून जातं. हे रोज डोळ्यांसमोर चाललेलं असताना माझ्या डोक्यात एकच आलं, की ते नेलेलं पाणी वाटेत पकडायचं कसं.

गावात नाणं टाकून घागर भरायचं यंत्र आहे. चालू असलं की पाणी चांगलं मिळतं. पण वस्तीवरून गाडीला घागरी बांधून जायचं, आणि ऐन एप्रिलमध्ये ते बंद पडलेलं असायचं. मीटर आणून विहिरीचं पाणी मोजलं तर विरघळलेले क्षार लिटरला २,४०० मिलिग्रॅमच्या घरात. भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. आम्ही त्याच्याही पुढं.

सौर ऊर्ध्वपातन, म्हणजे उन्हानं खाऱ्या पाण्याची वाफ करायची आणि ती काचेवर धरून तिचं परत पाणी करायचं, ही गोष्ट नवी नाही. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथं १८७२ साली खाणीवरच्या खेचरांना पाणी पाजायला लाकडी वाफे आणि काचा वापरून असा कारखानाच उभा केला होता. दिवसाला २० हजार लिटरच्या वर पाणी निघायचं. आपल्याकडं भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेनं यावर पुष्कळ काम केलंय. मला खेचरं पाजायची नव्हती, घरातली पाच माणसं होती.

आधी हिशेब केला, आणि तो प्रत्येकानं करावा. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता लागते. आपल्याकडं चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवर दिवसभरात पाच-साडेपाच युनिट ऊन पडतं. सगळंच्या सगळं कामी आलं तरी सात-आठ लिटर. पण काच थोडं परत फेकते, तळ थोडं खातो, वारा थोडं नेतो, आणि हातात एक तृतीयांश उरतं. म्हणजे चौरस मीटरला अडीच-तीन लिटर. कुणी रोज दहा लिटर पाणी देणारी अशी पेटी विकायला आलं तर त्याला आधी तिची लांबी-रुंदी विचारा.

माझ्या पेटीसाठी मिरजेच्या ट्रंका करणाऱ्याकडून आठ बाय चारचा जस्ताचा पत्रा घेतला. चारी बाजू अर्धा फूट दुमडल्या की तळ सात बाय तीन फूट उरतो, जवळजवळ दोन चौरस मीटर. आतून काळा रंग. खाली आणि बाजूला गुऱ्हाळावरचं वाळलेलं चिपाड दाबून भरलं आणि बाहेरून फळ्या मारल्या. थर्माकोल आणा म्हणून सगळे सांगत होते, पण चिपाड फुकटचं आणि उष्णता धरायला काही कमी नाही. फक्त ओल जाता कामा नये, म्हणून खाली विटा.

खरं काम वरून झाकायच्या काचेचं. वेल्डरदादा म्हणाला, "वैनी, चार इंच उतार बास की, पाणी जातंय आपोआप." घरच्या छपराला बास असेल, इथं नाही. काचेच्या आतल्या अंगाला धरलेला थेंब उतार कमी असला तर वाटेतच सुटतो आणि परत खाऱ्या पाण्यात पडतो. मी तीन फुटाला एक फूट चढ धरला, तोंड दक्षिणेला. काच तेलकट असली तरीही तेच, थेंब सुटे सुटे राहतात. म्हणून बसवायच्या आधी राखेनं आणि साबणानं आतून घासली. स्वच्छ काचेवर थेंब थांबत नाही, शेजारच्याला ओढून घेतो, दोघं मिळून तिसऱ्याला, आणि रेघ ओढत खाली पन्हळीत. पन्हळ ॲल्युमिनियमची, एका टोकाला जरा कलती. तिथून नळी कळशीत, कळशीच्या तोंडाला फडकं.

सांधे सिलिकॉननं भरले. इथं कंजुसी केली की संपलं, जिथून वाफ जाते तिथून पाणीच जातं. ते सुकेपर्यंत व्हिनेगरसारखा आंबूस वास मारतं, रंगाचाही वास असतो, म्हणून सुरुवातीचं पाणी झाडांना घातलं. वास पूर्ण गेल्यावरच प्यायला घेतलं.

बोटाच्या एका पेराइतकंच पाणी आत भरायचं, दोनेक घागरी. जास्त भरलं तर तापायलाच दुपार होते. सकाळी काच आतून धुरकट होते, मग दव धरतं, आणि उन्हं चांगली चढल्यावर पहिली धार. मला वाटायचं भर बारा वाजता सगळ्यात जास्त पडेल. तसं नाही. दुपार कलल्यावर जोर येतो, आणि सूर्य मावळला तरी थांबत नाही, कारण पाणी अजून गरम असतं आणि काच गार व्हायला लागलेली असते. रात्री जेवताना आत्ती म्हणाल्या, "अगं, नळ गळायलाय बघ कुठं तरी." नळ नव्हता, कळशी होती.

मे महिन्यात सहा लिटरच्या आसपास पडतं, थंडीत चार. मीटर लावला तर आकडा वीसच्या आत. एकदा तो अचानक तीनशेवर गेला. पाणी भरताना नळी जोरात सोडल्यामुळं खारं पाणी उडून पन्हळीत जात होतं. आता भरणीच्या नळीला वाकडं तोंड लावलंय.

चव हा वेगळाच खटला. मामांनी पहिला पेला तोंडाला लावला आणि म्हणाले, "हे पाणी आहे का पाण्याची सावली?" क्षारच नाहीत तर चव कुठली? आता नऊ तांबे हे आणि एक तांब्या विहिरीचं, उकळून गार केलेलं. उकळणं टाळू नका, नाहीतर पेटीनं बाहेर ठेवलेले जंतू आपणच हातानं आत घालतो. आणि विहिरीत कीटकनाशकाचा अंश असेल तर काही औषधं वाफेबरोबर वर येऊ शकतात. म्हणून आम्ही पाणी प्रयोगशाळेत एकदा तपासून घेतलं.

तळातलं उरलेलं खारं पाणी दोन-तीन दिवसांनी काढून टाकावं लागतं, नाहीतर पांढरा थर धरून काळा रंग झाकून टाकतो. ते शेतात सोडत नाही, जमिनीला आधीच पुरे झालंय. उथळ सिमेंटच्या टाकीत वाळवते.

पावसाळा ही खरी अडचण. आमच्याच जिल्ह्यातल्या खानापूरकडं धो धो पडतो तसा आमच्याकडं नाही, पण ढग मात्र येऊन बसतात, आणि पेटी लिटरभरावर येते. म्हणून काचेच्या बाहेरच्या कडेलाही एक पन्हळ मारली. ऊन नसेल तेव्हा तीच काच पावसाचं पाणी देते.

शेजारच्यांनी परवा विचारलं, पोरीच्या लग्नाला हे पाणी पुरवता का. पाचशे माणसांना? मी म्हटलं, त्याला आख्ख्या अंगणावर काच घालावी लागेल. गावाला पाणी द्यायचं तर सौर पॅनलवर चालणारं आरओच, म्हणजे पंपाच्या दाबानं पाणी बारीक पडद्यातून गाळणारं यंत्रच बरं. आपल्यासारखं मचूळ पाणी असलं तर एक-दोन युनिटांत हजार लिटर निघतं. तिथं पेटीचा हट्ट धरू नये. पण त्याला पंप, पडदा, दुरुस्तीवाला लागतो. माझ्या पेटीला फडकं आणि राख लागते. लग्नाला टँकर सांगितलाय त्यांनी, आणि घरासाठी पत्रा कुठं मिळतो ते विचारून गेले.