आपल्या विनंतीनुसार

बुधवार, ५ ऑगस्ट. रात्री सव्वादहा.

रविवारी रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी, म्हणजे सोमवार लागताच, गाण्यांच्या ॲपची मेल आली. मी झोपले होते. "आपल्या विनंतीनुसार आपले सदस्यत्व रद्द करण्यात आले आहे. तुम्ही जाताय, वाईट वाटतंय!" पहिल्या वाक्यात 'आपले', दुसऱ्यात लगेच 'तुम्ही', आणि शेवटी रडका चेहरा.

सोमवारी सकाळी गोरेगावला गाडीत चढून इअरफोन घातले तेव्हा कळलं. पहाटेची यादी उघडली तर सगळी गाणी करडी. नावं दिसतात, बोट लावलं की काही होत नाही. डाउनलोड केलेली गाणी आपल्या फोनमध्ये असतात म्हणजे आपली असतात, असा एक समज असतो. ती कुलूपबंद फाइल असते आणि किल्ली त्यांच्याकडे. सदस्यत्व संपलं की किल्ली काढून घेतात, फाइल तशीच फोनची जागा अडवून बसते. अंधेरी येईपर्यंत मी करड्या नावांवर बोट फिरवत होते. शेजारच्या बाईंनी दोनदा बघितलं.

पैशांचं दुःख नाही, हे मी परवापासून स्वतःला सांगतेय. 'विनंती' हा शब्द जात नाहीये.

आत्याच्या पत्रांत 'विनंती विशेष' असायचं. स्टेशनवर 'प्रवाशांना विनंती आहे' असतं. म्हणजे विनंती करणारा कुणीतरी समोर असतो, तो काहीतरी मागतो. मी काय मागितलं? कधी? ज्या माणसाने मागितलंच नाही त्याच्या तोंडी मागणी घालायची, वर ती मान्य केल्याचा मोठेपणाही घ्यायचा. पैसे चुकून कापले असते तर इतकं लागलं नसतं. हे म्हणजे माझ्या नावाने कुणीतरी सही केल्यासारखं आहे.

आणि पोटात गोळा येतो तो याचा, की रविवारी रात्री मी काहीतरी दाबलं होतं हे खरं आहे.

रविवारी यूपीआय ॲपमधले ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायचे मॅन्डेट, साफ करत बसले होते. अकरा निघाले. एक तर दादाच्या जुन्या जिमचा होता, तो माझ्याकडे कसा आला हे विचारायचं राहिलंच. गाण्यांच्या ॲपचा मॅन्डेटही काढला, कारण पुढच्या जूनमध्ये मला न विचारता पैसे जायला नको होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते हे ठाऊक आहे. पण १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा पिन मागत नाहीत, आणि त्या सूचना ओटीपींच्या ढिगात कुठे जातात देव जाणे.

तर मॅन्डेट काढला. मॅन्डेट म्हणजे फक्त पुढचे पैसे कापायची परवानगी. तो काढल्याने भरलेले पैसे परत येत नाहीत आणि भरलेली मुदतही संपत नाही. वर्षाचे १,४९९ रुपये मी १२ जूनला भरलेत, मुदत ११ जूनपर्यंत आहे. मॅन्डेट काढल्याचा निरोप बँकेमार्फत कंपनीच्या सिस्टीमला जातो. नीट बांधलेली सिस्टीम त्यावर 'पुढे नूतनीकरण नाही' अशी खूण करते आणि गप्प बसते. यांची सिस्टीम 'मॅन्डेट रद्द' आणि 'सदस्यत्व रद्द' हे एकाच खणात टाकत असावी. रात्री बाराला कधीतरी दिवसाचा हिशेब लागला असेल, त्यात मीही लागले.

पुढच्या महिन्याचा पास काढणार नाही म्हटलं म्हणून टीसीने हातातला पास फाडायचा का? मंगळवारी फोनवर त्या मुलाला हेच विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, सिस्टीममध्ये तुमची रिक्वेस्ट दिसतेय ना." मराठीसाठी ३ दाबून, अठरा मिनिटं त्यांचंच जाहिरातीचं गाणं ऐकून मिळालेला मुलगा. आवाज विशीतला. रागवावंसं वाटलं नाही. मग वाटलं, रागवायला हवं होतं.

त्याआधी चॅटबॉटशी तासभर घातला. 'रद्द' हा शब्द लिहिला की तो दर वेळी सदस्यत्व कसं रद्द करायचं याची लिंक देतो. तीनदा दिली. शेवटी 'पेमेंट झाले, सेवा मिळत नाही' असं लिहिलं तेव्हा कुठे माणूस आला. हे शनिवारी माझ्याकडे तक्रारी घेऊन येणाऱ्यांनाही सांगायला हवं: रद्द शब्द टाळा.

मुलाने २०० रुपयांचं कूपन देऊ केलं. नव्याने सदस्यत्व घ्या, २०० कमी होतील. घेणार होते. खरंच. बोट बटणावर होतं, कारण सकाळची गाडी गाण्यांशिवाय नको वाटत होती. पण हाच तो खड्डा, आणि दुसऱ्यांना मीच तो दाखवत असते. नव्याने घेतलं की नवा ऑर्डर क्रमांक, नवा करार. जुन्याची तक्रार तिथेच लंगडी होते, कारण नोंदीत सरळ दिसतं की बाईंनी स्वतः रद्द केलं आणि स्वतः परत आल्या. खातं डिलीट करायचं नाही हेही तसंच. रागाच्या भरात लोक तेच आधी करतात, आणि मग आपण ग्राहक होतो हे सिद्ध करायलाही काही उरत नाही.

म्हणून आज जेवणानंतर बसून रीतसर मेल लिहिली.

आधी कागद. कर-पावती सापडली: मूळ रक्कम १,२७०.३४, त्यावर १८ टक्के जीएसटी २२८.६६, एकूण १,४९९. पावतीवर सेवेचा कालावधी छापलेला आहे हे नशीब. बऱ्याच पावत्यांवर नसतो, मग ऑर्डरच्या वेळची मेल शोधावी लागते. ॲपमधल्या सदस्यत्वाच्या पानावर आता नुसतं 'मोफत' दिसतं, 'वैध ११ जूनपर्यंत' ही ओळ गायब. ते पान पुरावा म्हणून कुचकामी, तरी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला. बँकेच्या स्टेटमेंटमधली १२ जूनची ओळ आणि १२ आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक. यूपीआय ॲपमधली मॅन्डेटची नोंद, तो शेवटी @ असलेला लांबलचक क्रमांक आणि काढल्याची वेळ: रविवार, रात्री १०.५२. ही नोंद दडवायचा मोह होतो. दडवू नये. त्यांच्याकडे ती आहेच, आणि आपण आधी सांगितली तर तिचा अर्थ आपण लावतो, नाहीतर ते लावतात.

मग हिशेब. १२ जून ते २ ऑगस्ट, ५२ दिवस वापरले. उरले ३१३. १,४९९ ला ३६५ ने भागून ३१३ ने गुणलं की १,२८५ रुपये ४४ पैसे. करासकट. परतावा देताना कधी कधी कर वगळून देतात, म्हणून 'करासह' हा शब्द रकमेशेजारीच लिहावा. दिवसाला चार रुपये दहा पैसे पडतात. यात कटिंगही येत नाही, आणि मी दोन रात्री झोपले नाहीये.

मेल चौदा ओळींची झाली. पहिला मसुदा दीड पानाचा होता. त्यात 'मानसिक त्रास' तीनदा होता आणि बाबांची यादी... जाऊ दे, तो भाग काढला. उरलं ते एवढंच: पैसे कधी भरले, मुदत कधीपर्यंत, बंद कधी केलं. मागणी एकच: सदस्यत्व पूर्ववत करा आणि बंद राहिलेले दिवस मुदतीत वाढवून द्या. ते जमत नसेल तर १,२८५.४४ रुपये करासह मूळ खात्यात, कूपन किंवा वॉलेटमध्ये नाही. आणि शेवटची ओळ, जिच्यासाठी खरं तर सगळी मेल लिहिली: "सदस्यत्व रद्द करण्याची माझी विनंती कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मार्गाने आपल्याकडे आली, त्याची नोंद पाठवावी."

दाखवा ना. बघू दे तरी माझी विनंती.

पाठवली तक्रार निवारण अधिकाऱ्याला, मदतकक्षाला फक्त प्रत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दिलेला असावा लागतो. असतो, अटी-शर्तींच्या पार तळाशी, मुंगीच्या अक्षरांत. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. मदतकक्षाला लिहिलेल्या मेलवर हे घड्याळ चालू झालं की नाही यावर वाद घालता येतो, इथे नाही.

लिहिताना एक गोष्ट लक्षात आली आणि हसू आलं, तीन दिवसांत पहिल्यांदा. ग्राहकांना फसवणाऱ्या रचनांबद्दल केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार आहेत, त्यात सदस्यत्वाचा सापळाही आहे: शिरणं सोपं, बाहेर पडणं अशक्य. मॅन्डेट कधीही काढायची मुभा, आधीची सूचना, सगळी व्यवस्था बाहेर पडू पाहणाऱ्यांची काळजी घेते. पैसे भरून आत बसलेल्या माणसाला उचलून बाहेर ठेवलं तर त्यासाठी खास असं नाव नाही. ते साध्या 'सेवेतील त्रुटी'तच बसवायचं. मी सापळ्यातून सुटलेय आणि परत आत घ्या म्हणून दार वाजवतेय.

दादा-वहिनी म्हणतात, रोजचे शंभर रुपये भरपाई माग, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नियम आहे, सप्टेंबर २०१९ चा, पण तो फसलेल्या व्यवहारांसाठी: खात्यातून पैसे गेले, समोर पोचले नाहीत, वेळेत परतही आले नाहीत. माझे पैसे व्यवस्थित पोचलेत. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येणार नाही, तो रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या बँका आणि वित्तसंस्थांसाठी. गाण्यांची कंपनी त्यात बसत नाही, तक्रार तशीच परत येईल. हे त्यांना समजावत बसले नाही. ते मदत करत होते, आणि मला सध्या मदत करणाऱ्यांचाच जास्त राग येतोय. हे बरं नाही.

एक मात्र वहिनीला बजावलं. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून फोन करायचा नाही. त्यात भामट्यांचे नंबर मिसळलेले असतात. परतावा देतो म्हणून स्क्रीन शेअर करायला लावतात, पिन टाकायला सांगतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. चुकून टाकला तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

महिन्यात काही झालं नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, क्रमांक मिळतो, ते कंपनीला विचारणा करतात. आदेश देऊ शकत नाहीत, पण बऱ्याच कंपन्या तिथेच हलतात. नाहीच हलल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. मी उपनगरातली म्हणून वांद्रे पूर्वेचा. अटींमध्ये दुसऱ्या शहराचं न्यायालय लिहिलं असलं तरी २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येतं. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या भरता येतं, मुदत दोन वर्षं. एक चूक हमखास होते. लोक उत्साहात 'अनुचित करार' असंही लिहून टाकतात, कारण विनाकारण एकतर्फी करार संपवण्याची मुभा त्या व्याख्येत येते. पण अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. आपण सेवेतील त्रुटीवर थांबावं.

१,२८५ रुपयांसाठी वांद्र्याला जाणार का, असं वहिनीने विचारलं. मी 'हो' म्हटलं, जरा जोरातच. खरं तर माहीत नाही. बहुधा त्याआधीच ते परत चालू करतील, दोन ओळींची माफी पाठवतील, आणि ती नोंद काही पाठवणार नाहीत.

रविवारी मीच ते अकरा मॅन्डेट काढताना जरा मजेत होते, हे आत्ता आठवलं. एकेक उडवताना बरं वाटत होतं. विनंती नसली तरी बाराव्याला धक्का लागेल असा उत्साह होता.

तक्रार क्रमांक दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलाय. खाली: पोच, शुक्रवार रात्री ९.४०. उत्तर, ५ सप्टेंबर. बाजूला वहिनीने कधीतरी दहीवाल्याचे खाडे लिहून ठेवलेत.

उद्याही इअरफोन घेऊनच जाईन. कानात काही वाजत नसलं तरी ते घातले की शेजारची बोलायला येत नाही.