तलवारींची छक्की

टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगणं, शिकायला घेतलं तेव्हा माझी पहिली चूक झाली ती ही, की मी ते पाढ्यांसारखं पाठ करायला बसले.

गेल्या जुलैत साडेचार हजार रुपये भरून एका ऑनलाइन वर्गात नाव घातलं होतं. पहिल्याच दिवशी ७८ पत्त्यांच्या अर्थांची पीडीएफ आली. सुलट्या पत्त्याचा एक अर्थ, उलट्याचा दुसरा, म्हणजे १५६. भांडुपला गाडीत चढल्यापासून मी ते घोकायची; कुर्ल्यापर्यंत येत असायचं, मशीद बंदरला पार पुसलेलं. काहीही विचारलं तरी बाईंचं उत्तर एकच, पीडीएफमध्ये आहे बघा. तीन आठवड्यांनी मी वर्ग सोडला. पैसे परत मिळाले नाहीत आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कॅट मात्र घरात होता. आईने तो देवघराजवळ ठेवू दिला नव्हता, म्हणून चादरींच्या खणात. हे पत्ते मुळात खेळायचे आहेत हे एका रविवारी वाचलं आणि माझी सगळी भीड चेपली. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते खेळायला म्हणूनच तयार झाले. भविष्यासाठी त्यांचा वापर रूढ झाला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. ‘मेजर आर्काना’ म्हणून ज्यांचा एवढा दबदबा, ते २२ पत्ते म्हणजे त्या खेळातले हुकूम! उरलेले ५६ आपल्या कॅटासारखेच चार रंगांचे: पेले, तलवारी, काठ्या, नाणी. एक्का ते दश्शी, वर राजा, राणी, गुलाम आणि आपल्याकडे नसलेला एक घोडेस्वार. गिरगावच्या चाळीत आत्याकडे मेंढीकोट खेळत मी लहानाची मोठी झाले. हुकूम म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवसापासून मी पत्त्यांना दुर्री, तिर्री, छक्की म्हणायला लागले आणि ते माझे झाले.

माझा कॅट सगळ्यात जास्त चालणारा, १९०९ साली लंडनच्या रायडर कंपनीने काढलेला. कल्पना गूढविद्येचे अभ्यासक ए. ई. वेट यांची, पण चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईची. आधीच्या बहुतेक कॅटांमध्ये तलवारींच्या छक्कीवर नुसत्या सहा तलवारी असायच्या. पामेलाने अशा जवळजवळ प्रत्येक साध्या पत्त्यावरही माणसं आणली, त्यांना घरं, पाऊस, बर्फ, समुद्र दिला. नवशिक्याला आज पत्ता वाचता येतो तो तिच्यामुळे. तिला मोबदला फार थोडा मिळाला, १९५१ साली ती वारली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं, आणि कित्येक वर्षं कॅट ओळखला गेला तो रायडर आणि वेट यांच्याच नावाने. पण पत्त्यावर बारकाईने बघा, एका कोपऱ्यात तिची वळणदार सही सापडते. नवा पत्ता हातात आला की मी आधी ती सही शोधते. तेवढं तिचं देणं लागतो आपण.

आता रोज रात्री ओटा पुसून झाला की एकच पत्ता काढते. पुस्तक बंद. दोन मिनिटं नुसतं बघायचं आणि जे दिसतं ते वहीत साध्या मराठीत लिहायचं. नाण्यांच्या पंजीवर बर्फातून दोन फाटकी माणसं चालली आहेत, एक कुबड्यांवर. वर रंगीत काचांची उजळलेली खिडकी. पुस्तकातला अर्थ गरिबी, हालअपेष्टा. मी लिहिलं होतं, ‘खिडकी आहे, दार कुठे आहे?’ ते एवढं वाक्य सापडल्यावर तो पत्ता मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

दुसऱ्यासाठी पत्ते काढायचे म्हटलं तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या. आजारपणाचा प्रश्न घ्यायचा नाही, त्याला डॉक्टर आहेत. आणि ‘होईल का’ असं विचारायचं नाही, ‘मी काय बघत नाहीये’ असं विचारायचं.

पहिला पत्ता आत्यासाठी काढला. तिचा मुलगा पनवेलला असतो. गिरगावची खोली विकून तिने तिकडे यावं, असा त्याचा दोन वर्षं आग्रह आहे. आत्याने सराईतासारखे पत्ते पिसले आणि डाव्या हाताने एक ओढला. तलवारींची छक्की. होडीत डोकं झाकून बसलेली बाई, शेजारी मूल, मागे उभा नावाडी, पुढे होडीत रोवलेल्या सहा तलवारी. पुस्तकातला अर्थ मला येत होता: स्थलांतर, अशांत पाण्यातून शांत पाण्याकडे. मनात आलं, झालं, पत्त्यानेच सांगितलं, जा. मी तोंड उघडणार एवढ्यात आत्याने चष्मा लावला आणि पत्ता खिडकीकडे नेला.

आत्याचं माहेर अलिबागकडचं. लग्न होऊन ती रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरली होती. होडी तिला माझ्यापेक्षा जास्त कळते.

‘ही पाठमोरी आहे गं,’ ती म्हणाली. ‘हिचं तोंडच दिसत नाही. हिला विचारून बसवलंय का कुणी?’

मी गप्प.

‘आणि ह्या तलवारी उपटल्या तर होडीत पाणी शिरेल. म्हणजे त्या घेऊनच जायचं.’ मग बराच वेळ तिने नावाड्याकडे पाहिलं. ‘हा वल्हवत नाहीये. काठी टेकवून ढकलतोय. काठी तळाला लागतेय म्हणजे पाणी उथळ आहे अजून. उतरायचं म्हटलं तर उतरता येईल हिला.’

तो पत्ता मी निदान वीस वेळा पाहिला होता. काठी मला दिसली होती, पाणी दिसलं नव्हतं. पुस्तकातला अर्थ मी तिला सांगितलाच नाही. तिनेही विचारला नाही.

चहा झाल्यावर तिने मुलाला फोन लावला. ‘गणपती होऊ देत, मग बोलू. आणि बोलायला तू इकडे ये, मी नाही येणार,’ एवढंच म्हणाली. मी कॅट आवरायला घेतला तर छक्की सापडेना. आत्याने ती आरशाच्या कडेला खोचून ठेवली होती.

गेला महिनाभर मी ७७ पत्त्यांवर शिकतेय.