रॅम मोकळी आहे, पत्ते संपलेत

३२ बिटचा लिनक्स, ८ जीबी रॅम, त्यातली निम्मी मोकळी, आणि तरीही ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद पाडणारा, लिनक्सच्या गाभ्यातला म्हणजे कर्नलमधला भाग) एकामागून एक प्रोसेस मारतोय. अशा वेळी ‘फ्री’ कमांडला ‘एल’ हा पर्याय देऊन ‘लो’ची ओळ बघा. बहुतेकदा तिथे खडखडाट असतो.

३२ बिटांत एकूण ४ जीबी पत्ते मावतात. एक्स८६ वर नेहमीच्या वाटणीत खालचे ३ जीबी प्रोसेसचे, वरचा १ जीबी कर्नलचा. रॅमची पहिली ८९६ एमबी कर्नल तिथे कायमची बसवून ठेवतो; हीच लो मेमरी. फिजिकल (रॅममधल्या प्रत्यक्ष) पत्त्यात ३ जीबी मिळवले की कर्नलचा पत्ता तयार. आता रॅममधलं २ जीबीवरचं पेज (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) घ्या: २ अधिक ३ म्हणजे ५ जीबी. हा आकडा ३२ बिटांत लिहिताच येत नाही! ८९६ एमबीच्या पलीकडचं सगळं म्हणून हाय मेमरी. कर्नलच्या उरलेल्या १२८ एमबीत व्हीमॅलॉक (सलग पत्त्यांची कर्नल मेमरी), फिक्समॅप (आधीच ठरलेले पत्ते) आणि हाय मेमरीची तात्पुरती मॅपिंग (पेजला पत्ता जोडणं) दाटीवाटीने राहतात. पीएईने (३२ बिट सीपीयूला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू देणाऱ्या सोयीने) फिजिकल मर्यादा ६४ जीबीवर नेली, पण हा १ जीबी तेवढाच राहिला.

तात्पुरत्या मॅपिंगचा जुना मार्ग म्हणजे कर्नलचं केमॅप हे फंक्शन. त्याच्याकडे सगळ्या सीपीयूंना मिळून १०२४ खण; पीएई असेल तर पेज टेबलातली (कुठला पत्ता कुठल्या पेजचा हे सांगणाऱ्या तक्त्यातली) नोंद ४ ऐवजी ८ बाइटची होते, म्हणून ५१२ च. खण संपले की केमॅप झोपतो, त्यामुळे इंटरप्टमध्ये (हार्डवेअरच्या हाकेला उत्तर देताना, जिथे झोपून चालत नाही) तो चालत नाही. केअनमॅपने मॅपिंग सोडल्यावरही नोंद लगेच पुसली जात नाही. शोध फिरून पुन्हा पहिल्या खणाशी आला की वापरात नसलेले सगळे खण एकदम साफ होतात आणि प्रत्येक सीपीयूचा टीएलबी (पत्त्यांच्या अलीकडच्या जोड्या लक्षात ठेवणारा कॅश) फ्लश करावा लागतो. सीपीयू जास्त, तितका हा फटका मोठा.

नव्या कोडमध्ये केमॅप लोकल पेजच वापरा. तो २०२१ च्या ५.११ कर्नलमध्ये आला. मॅपिंग त्या थ्रेडपुरतं असतं, थ्रेड सीपीयूवरून उतरून परत आला तरी पत्ता तोच राहतो. मात्र तो दुसऱ्या थ्रेडला देऊ नका. खण एकावर एक रचलेले असतात: आधी ‘अ’ मग ‘ब’ मॅप केलं, तर सोडताना आधी ‘ब’. क्रम चुकला की कर्नल इशारा देतो आणि भलतीच नोंद पुसली जाते. आणखी एक नेहमीची चूक: केअनमॅपला पेज द्यायचं असतं, केअनमॅप लोकलला पत्ता.

आता त्या ओओएमकडे. प्रत्येक ४ केबी पेजमागे साधारण ३२ बाइटचं स्ट्रक्ट पेज (त्या पेजची माहिती ठेवणारी नोंद) लो मेमरीत बसतं. १६ जीबी रॅमला त्यातच १२८ एमबी जातात. इनोड, डेंट्री (फाइल आणि त्यांच्या नावांच्या नोंदी) आणि कर्नल स्टॅक वेगळे. म्हणजे रॅम वाढवली की लो मेमरी आणखी आटते. पेज टेबलं हाय मेमरीत ठेवण्याचा कॉन्फिग पर्याय जुन्या कर्नलमध्ये थोडा श्वास देतो, पण सीपीयू ६४ बिटचा असेल तर माझ्या मते ६४ बिट कर्नल टाकणं हाच खरा इलाज. युजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) ३२ बिटचं तसंच चालतं. एक्स८६ च्या ३२ बिट कर्नलमधून ४ जीबीपलीकडचा आधार ६.१५ मध्ये काढलाही गेला.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी मात्र सावध राहावं. हाय मेमरीतलं पेज मॅप न करता पेज ॲड्रेस फंक्शनला पत्ता विचारला तर नल (रिकामा पत्ता) मिळतो. ६४ बिटवर तोच कोड बिनबोभाट चालतो, कारण तिथे सगळी रॅम थेट मॅप असते. केमॅप लोकल वापरतानाच्या चुका ६४ बिटवरच पकडायच्या तर केमॅप लोकलचं मॅपिंग सक्तीने करायला लावणारा डीबग पर्याय चालू करून कर्नल बांधा आणि ड्रायव्हर त्यावर चालवून बघा.