चौथा फड

धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठच्या त्या गावात मी पहिल्यांदा गेलो तो गट नंबरांची यादी आणि मोजणीचा नकाशा घेऊन. बंधाऱ्याखालच्या थळाची, म्हणजे त्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीची, खातेवार नोंद करायची होती, पाणीवापर संस्थेसाठी. नकाशा पाहून डोकंच दुखलं. थळाचे चार फड, म्हणजे पाण्याच्या पाळीसाठी पाडलेले चार मोठे भाग, आणि जवळपास प्रत्येक खातेदाराचा चारही फडांत तुकडा. कुठे सात गुंठे, कुठे अकरा. भावांची वाटणी झाली तरी एकाला हा फड, दुसऱ्याला तो, असं नाही. प्रत्येक फडातली पट्टी उभी चिरलेली. बैलजोडी वळवायची तर शेजाऱ्याच्या पिकात पाय पडावा इतकी अरुंद.

तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा 1947चा. तेव्हापासून आम्हा कागदी माणसांच्या डोक्यात एकच बसलंय: तुकडे वाईट, सलग जमीन चांगली. एका तरुण शेतकऱ्याला मीच म्हटलं, "चुलतभावांशी अदलाबदल कर, सगळं चौथ्या फडात घे. जमीन भारी आहे, रस्त्याला लागून आहे. पुढेमागे विहीर पाडून ठिबक टाकशील." त्यानं ऐकलं, दस्तही नोंदवला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दोन वर्षांनी पाऊस रुसला. दिवाळी झाल्यावर मारुतीच्या पारावर बैठक बसली, मी वही घेऊन कडेला. पाटाचं पाणी फिरवणारा पाटकरी सांगत होता, सांडव्यावरून धार पडायची कधीच थांबलीय, पाटाला पाणी निम्म्यावर आलंय. पाणी दिवसरात्र वाहतं ठेवायचं, एका फडात एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाळी सरळ लागते आणि पाणी मध्ये वाया जात नाही, ही इथली शेकडो वर्षांची रीत. वादावादी होईल म्हणून मी सरसावून बसलो होतो. पण दहा मिनिटांत ठरलं: उसाचा फड जगवायचा, दोन फडांत हरभरा आणि गहू, चौथा बंद. तो शेपटाला, तिथवर जाईस्तोवर निम्मं पाणी पाटच पितो.

कुणी हूं की चूं केलं नाही. कारण प्रत्येकाचा चौथ्यातला तुकडा कोरडा राहणार होता आणि उरलेल्या तीन फडांतला भिजणार होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात तो नकाशा उलगडला. तिथल्या अरुंद पट्ट्या म्हणजे दुष्काळाची वाटणी होती.

आणि पाराच्या टोकाला तो बसला होता. त्याचं सगळं चौथ्यात. विहीर अजून पाडायचीच होती.

एक म्हातारे खातेदार त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तवय मी इचारं व्हतं, पानी कमी पडनं ते कोरडा कोन ऱ्हाई?" विचारलं होतं खरं. मी तेव्हा हसून सोडून दिलं होतं.

फडाचं कौतुक करणाऱ्यांना मी एक नेहमी सांगतो: थळाबाहेरच्या कोरडवाहूवाल्याला आणि भूमिहीनाला या समतेतलं थेंबभर पाणी मिळालेलं नाही. शिवाय नदीवर वर धरणं आली, काठाला विहिरी झाल्या, तसे पुष्कळ फड मोडले. म्हणजे ही रीत काही देवानं धाडलेली नाही. पण त्या दिवशी पारावर चूक रीतीची नव्हती.

बैठक उठताना एका चुलतभावानं त्याला दुसऱ्या फडातले दहा गुंठे हरभऱ्यापुरते बटाईनं दिले. पूर्वी ती पट्टी त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटावर गेलो. चौथ्या फडाच्या तोंडाशी पाटकरी फावड्यानं चिखल लिंपत होता. आधी गोणपाट, वर गवताची ढेकळं, मग पायानं दाबून पक्कं. तरी एक बारीक ओघळ पाझरत होता. तो तरुण शेजारी उकिडवा बसून त्या ओघळाकडे बघत होता. मी दिसल्यावर उठला, हात झटकले आणि विचारलं, "साहेब, अदलाबदलीचा दस्त परत फिरवायचा तर खर्च किती येतो?"

आकडा मी वहीत बघून सांगितला.