नकाशावरची सही आणि मागचा शिक्का

उत्तर इटलीतल्या मेरानच्या वरच्या अंगाला, द्राक्षमळ्यांच्या कडेला 1920 च्या दशकातला एक बंगला आहे. आत माणसं राहतात, म्हणून पत्ता देत नाही. इथल्या साउथ टिरोल प्रांतातल्या विस्मरणात गेलेल्या वास्तुकारांची नोंद करताना आमच्या यादीत हा बंगला एका चुकीच्या नावावर चढला होता. परवानगीच्या नकाशाखाली ज्याची सही होती, तोच वास्तुकार असं आम्ही धरून चाललो होतो.

हा प्रदेश 1919 च्या तहाने ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. 1923 मध्ये गावांची इटालियन नावं सक्तीची झाली. श्टेर्त्सिंगचं विपितेनो झालं. माणसांचीही नावं बदलली. योझेफ पुढच्या कागदात ज्युझेप्पे होतो. नावाने शोधत गेलं की एका माणसाचे दोन होतात आणि दोघांच्या वाट्याला अर्धंअर्धं काम येतं. म्हणून शोध नावाने नाही, जमिनीच्या नंबराने करायचा.

त्यासाठी ग्रुंडबुख हाताशी असतं. ही ऑस्ट्रियन जमीन-नोंदवही इटलीने 1929 च्या कायद्याने चालू ठेवली. तिचे तीन भाग: जमीन, मालक, बोजा. सोबत खरेदीखतं आणि कर्जाचे करार बांधलेले. जुना मोजणी नकाशा 1:2880 चा, म्हणजे एका इंचाला 40 क्लाफ्टर (लांबीचं जुनं ऑस्ट्रियन माप). इथे एक फसगत हमखास होते: इमारतीच्या जागांचे नंबर वेगळे आणि शेतांचे वेगळे. समजा 412 नंबर असेल, तर तो एका घराचाही असतो आणि एका मळ्याचाही. नंबराआधीची खूण न पाहता फाइल मागवली की भलताच गठ्ठा येतो.

एके दिवशी फेरफार उलटे लावत मागे गेलो, तेव्हा कळलं की बंगल्याची जागा बांधकाम चालू असतानाच पोटहिस्सा होऊन वेगळी झाली होती. पहिला अर्ज मूळ नंबराखाली होता. तो गठ्ठा कुणी मागवलाच नव्हता.

त्यात जिन्याचे 1:20 चे तपशील निघाले, खिडकीच्या चौकटीचा 1:1 छेद निघाला, आणि एका निळ्या प्रतीच्या (ब्लूप्रिंटच्या) मागे वास्तुकाराचा शिक्का. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा. आमच्या यादीत हे नाव नव्हतंच. फोटो काढताना दिवा एका बाजूने, अगदी तिरका ठेवला, तेव्हा कडेची पेन्सिलीतली मापं उठून आली. निळ्या प्रतीला उजेड मानवत नाही, आणि अल्कलीयुक्त कागदात गुंडाळली तर निळा रंग उडतो. म्हणून साध्या आम्लमुक्त कागदातच परत ठेवली.

मग आधीची सही कुणाची? परवानाधारक बाउमाइस्टरची, म्हणजे बांधकाम करणाऱ्या मुख्य गवंड्याची. ऑस्ट्रियात 1893 च्या कायद्याने बांधकामाचे धंदे परवान्याखाली आले होते. बांधकामाची जबाबदारी त्याची, म्हणून परवानगीच्या 1:100 नकाशावर सही त्याची. त्या नकाशात नवी भिंत लाल, जुनी काळी, पाडायची पिवळी. रेखाटन कुणाचं हे तो नकाशा सांगत नाही. ते तपशीलाच्या कागदांत शोधावं लागतं, आणि नेमके तेच कागद आधी फेकले जातात. कारण जिन्याच्या कठड्याचं चित्र कार्यालयाला कशाला हवं?

हिटलरचा जर्मनी आणि इटली यांच्यातल्या 1939 च्या करारानंतर इथले सुमारे 75,000 जर्मनभाषक निघून गेले. जाणाऱ्यांत वास्तुकार असेल तर त्याची कागदपत्रंही सीमेपलीकडे गेलेली असू शकतात. म्हणून पुढचा मुक्काम इन्सब्रुकचं वास्तुकला अभिलेखागार. ते आडामब्रॉय या जुन्या बिअर कारखान्याच्या इमारतीत आहे. ती इमारत वास्तुकार लोइस वेल्झेनबाखरने 1920 च्या दशकात बांधली. साउथ टिरोलच्या ड्रायकिर्खेनमध्येही त्याने एक घर बांधलेलं आहे, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंचं काम एकत्र पाहण्याची सवय तिथे आहे.

तिथल्या कागदांवरचे आकडे आमच्या फोटोंतल्या पेन्सिलीच्या आकड्यांशी ताडायचे आहेत. हस्ताक्षर जुळतं का, यासाठी सातचा आडवा दांडा आणि चारचा उघडा माथा पाहायचा. तोवर यादीतलं जुनं नाव काढून ‘बांधकाम’ या रकान्यात हलवलंय, आणि ‘रेखाटन’समोर नवं नाव प्रश्नचिन्हासह लिहिलंय.