पान उघडं आहे का, आणि त्यात मजकूर आहे का

वेबसाइट तपासायला घेतली की मी आधी कुठलंही टूल उघडत नाही. पानावर राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’, म्हणजे पानामागचा कोड, उघडते आणि कंट्रोल एफ दाबून एकच शब्द शोधते: नोइंडेक्स, म्हणजे ‘हे पान निकालात घेऊ नका’ अशी सर्च इंजिनांना दिलेली सूचना. नागपुरातल्या छोट्या व्यावसायिकांच्या साइट मी बऱ्याच वर्षांपासून पाहते आहे. मालक जेव्हा ‘आमचं गुगलवर काहीच येत नाही’ म्हणतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा बारीकसारीक नसतो. एक तर पान गुगलसाठी बंद असतं, नाहीतर उघडं असूनही त्यात वाचण्यासारखं काही नसतं. या दोन गोष्टी न पाहता टायटल (ब्राउझरच्या टॅबवर आणि गुगलच्या निकालात दिसणारं पानाचं नाव) किती अक्षरांचं असावं यावर तासन्‌तास घालवणारी मंडळी भेटली की मला वाईट वाटतं, कारण तो वेळ दुकानदाराच्या पैशाने जातो.

काटोल रोडकडच्या एका संत्रा रोपवाटिकेचं काम आलं होतं. मालक काका फोनवर म्हणाले, “ताई, साइट बनून केव्हाची झाली, पण दिसूनच नाही राहिली जी.” साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार प्रणालीवर होती. सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाचा भाग असतो, तिथे सर्च इंजिनांना साइट न घेण्याची विनंती करणारा एक चौकोन असतो. साइट बनत असताना त्यावर टिक लावतात, आणि ते योग्यच आहे, अर्धवट पानं बाहेर पडू नयेत. साइट सुरू झाल्यावर मात्र ती टिक काढायची असते. इथे ती तशीच होती, आणि प्रत्येक पानाच्या सोर्समध्ये नोइंडेक्स बसलेलं होतं.

याचाच एक गुंतागुंतीचा प्रकार आहे. नको असलेलं पान नोइंडेक्स करायचं आणि शिवाय खबरदारी म्हणून रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येही (कोणती पानं वाचू नयेत हे सांगणारी साइटवरची फाइल) अडवायचं. दुहेरी कुलूप वाटतं, पण परिणाम उलटा होतो. रोबोट्स फाइलने गुगलबॉटला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गुगलच्या प्रोग्रॅमला, दारातच अडवलं तर तो पान वाचतच नाही, म्हणजे आतला नोइंडेक्सही त्याला दिसत नाही. बाहेरच्या कुणी त्या पानाला लिंक दिली असेल तर ते नुसत्या पत्त्यानिशी निकालात येऊ शकतं. पान काढायचं असेल तर गुगलबॉटला आत येऊ द्या आणि नोइंडेक्स वाचू द्या.

काकांच्या साइटची टिक निघाली, पण खरं काम पुढे होतं. मुखपृष्ठ म्हणजे एक मोठा बॅनर. कलमांचे दर, खुंट (ज्या रोपावर कलम बांधतात ते) जंबेरी की रंगपूर लाइम, बुकिंग कधीपासून, फोन नंबर, सगळं एकाच जेपीजी चित्रात. बाजारात वाटलेलं पत्रकच साइटवर चढवलेलं. माणसाला ते वाचता येतं, पण पानाच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे त्याच्या कोडमध्ये, त्यातला एक शब्दही नव्हता. फोन नंबर चित्रात असल्यामुळे त्यावर बोट ठेवून फोन लावायचीही सोय नाही. ‘माहिती’ नावाच्या पानावर मजकूर होता, पण तो डीटीपीवाल्याच्या फाइलमधून जसाच्या तसा डकवलेला, कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला.

मराठी साइट तपासणाऱ्याने हे पाहायलाच हवं, आणि इंग्रजी साइटसाठी लिहिलेल्या कुठल्याही यादीत ते सापडणार नाही. कृतिदेव हा युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र कोड देणारी पद्धत) फॉन्ट नाही. त्यात साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचं चित्र बसवतो. ‘नागपूर’ टाइप केलं की आत साठतं यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. फॉन्ट असेल तिथे नागपूर दिसतं. गुगलला मात्र ती सहा रोमन अक्षरंच मिळतात, आणि ती कुणीही शोधत नाही. ओळखायची रीत सोपी आहे: पानावरचं एखादं वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर डकवा. देवनागरी आलं तर ठीक. अगम्य इंग्रजी आलं तर तो सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागेल. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार त्यात हमखास बिघडतात, म्हणून नंतर डोळ्यांखालून घालणं आलंच. श्रीलिपीतल्या जुन्या मजकुराचीही हीच गत.

मग टायटल. काकांच्या मुखपृष्ठाचं टायटल होतं ‘होम’. आम्ही ते असं केलं: ‘नागपुरी संत्र्याची कलमे, जंबेरी व रंगपूर खुंट, काटोल रोड, नागपूर’. टायटलच्या लांबीला गुगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. निकालात ते रुंदीप्रमाणे कापलं जातं. देवनागरीत मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मोजायची कशी, हाच प्रश्न असल्यामुळे साठ अक्षरांचा इंग्रजी नियम इथे निरुपयोगी आहे. महत्त्वाचं आधी लिहा, एवढं पुरे. शिवाय ऑगस्ट २०२१पासून गुगल निकालातलं टायटल ठरवताना पानावरची शीर्षकंही जास्त विचारात घेतं, त्यामुळे टायटलमध्ये एक आणि मुख्य शीर्षकात भलतंच असं ठेवू नये. मेटा डिस्क्रिप्शन, म्हणजे पानाचा छोटा सारांश, क्रमांकासाठी मोजलं जात नाही, पण ते वाचून माणूस क्लिक करायचं की नाही ठरवतो, म्हणून मी ते हाताने लिहिते. आणि मेटा कीवर्ड्स (पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शब्दांची यादी) भरून देण्याचे कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. वेब शोधाच्या क्रमवारीत गुगल तो टॅग वापरत नाही, हे त्यांनी सप्टेंबर २००९मध्येच जाहीर केलं आहे.

आता हिरव्या ठिपक्याबद्दल. एसइओचे, म्हणजे साइट शोधात वर आणण्याच्या कामाचे, प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) पानाला लाल, नारिंगी, हिरवा असा ठिपका देतात. तो हिरवा व्हावा म्हणून मराठी मजकुराची जी नासाडी होते ती पाहवत नाही. प्लगइनला ‘संत्रा कलम’ हा शब्दसमूह दिला तर तो तसाच्या तसा शोधतो. पण मराठीत नाम विभक्तीला लागलं की त्याचं रूपच बदलतं: संत्र्याची कलमे, संत्र्याच्या कलमांना, कलमांचे दर. स्वच्छ मराठीत लिहिलेल्या परिच्छेदात ‘संत्रा कलम’ एकदाही न येता सगळं संत्र्याच्या कलमांबद्दलच असू शकतं. प्लगइन त्याला लाल देतो. मग लिहिणारी मुलं ‘संत्रा कलम घेण्यासाठी संत्रा कलम दर जाणून घ्या’ असली वाक्यं कोंबतात. वरूड-काटोलचा बागायतदार ते वाचून साइट बंद करतो, त्याला पहिल्या ओळीतच कळतं की लिहिणाऱ्याने कलम हातात धरलेलं नाही. मी मराठी पानांवर हा ठिपका बंदच करते. लोक टाइप करतात तो शब्द शीर्षकात एकदा सरळ येऊ द्यावा आणि बाकी नीट मराठीत लिहावं.

लिहायचं काय, हाही ऑन-पेजचा, म्हणजे प्रत्यक्ष पानावरच्या कामाचाच भाग आहे. काकांच्या जुन्या साइटवर नागपुरी संत्र्याचा इतिहास होता, २०१४मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन होतं, संत्र्यातल्या व्हिटॅमिन सीचे फायदेही होते. कलम घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. त्याला हवं होतं ते वेगळंच: खुंट कोणता, डोळा कधी भरला (खुंटावर संत्र्याची कळी कधी बसवली), कलमाची उंची किती, भारी काळ्या जमिनीत कोणता खुंट चालेल, पावसाळ्यातल्या लागवडीसाठी बुकिंग कधी करायचं, गाडी गावापर्यंत येते का. काका हे फोनवर रोज दहा जणांना सांगत होते आणि साइटवर त्यातलं एकही वाक्य नव्हतं. मी त्यांच्यासमोर बसून ते बोलतील तसं लिहून घेतलं आणि मध्ये उपशीर्षकं टाकली. फोटोंचे ऑल्ट मजकूरही त्यातूनच निघाले: ‘जंबेरी खुंटावर डोळा भरलेलं संत्र्याचं कलम, पॉलिथिन पिशवीत’. जो फोटो पाहू शकत नाही त्याला तो समजावा, एवढ्यासाठीच ऑल्ट असतं. तिथे शहराचं नाव पाच वेळा लिहू नये.

शहरातल्या सेवा देणाऱ्यांच्या साइटवर एक वेगळाच प्रकार दिसतो. एसी दुरुस्ती धरमपेठ, एसी दुरुस्ती सदर, एसी दुरुस्ती मानेवाडा, एसी दुरुस्ती वर्धमाननगर. पानं तितकीच, मजकूर अक्षरशः एकच, फक्त वस्तीचं नाव बदललेलं. गुगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांना डोअरवे म्हणतात. मी ती काढून एकच चांगलं पान करायला लावते, त्यात कोणत्या भागात जाता, किती वेळात पोचता, येण्याजाण्याचे किती घेता ते लिहा. जुन्या पत्त्यांवरून ३०१ रिडायरेक्ट (जुना पत्ता उघडला की आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) द्यायचा, आणि तो जवळच्या विषयाच्या पानाकडे, सरसकट मुखपृष्ठाकडे नाही.

पत्त्यांवरून आठवलं. मराठी मथळा दिला की वर्डप्रेस त्यातूनच पानाचा पत्ता बनवतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं घेतं. ‘संत्रा’ या शब्दात मात्रा, अनुस्वार, हलन्त धरून सहा चिन्हं आहेत, म्हणजे चोपन्न अक्षरं. वर्डप्रेस या भागाला २०० अक्षरांतच ठेवतं, त्यामुळे बावीसेक चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो. गुगलला देवनागरी पत्ता चालतो, क्रमवारीत त्याने नुकसान नाही. पण व्हॉट्सअॅपवर कॉपी केल्यावर टक्क्यांची लांबलचक माळ दिसते आणि लोक ती उघडायला घाबरतात. मी रोमन लिपीत दोन-तीन शब्दांचा पत्ता हाताने देते. जुन्या, चालू पानांचे पत्ते मात्र निव्वळ हौसेखातर बदलू नयेत.

सोर्स उघडलेलाच असतो तेव्हा कॅनॉनिकल, म्हणजे सारख्या पानांपैकी मूळ पान कोणतं ते सांगणारा टॅग, तोही बघून घ्यावा. टेम्पलेट कॉपी करताना प्रत्येक पानाचं कॅनॉनिकल मुखपृष्ठाकडे वळलेलं मी पाहिलं आहे. त्याचा अर्थ होतो, बाकीची पानं ही मुखपृष्ठाचीच नक्कल आहेत असं आपण स्वतः गुगलला सांगतो आहोत. त्याच्या वरच भाषेचा लँग टॅग असतो, मराठी साइटवर तो हमखास इंग्रजी असतो. गुगल भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ओळखतं, त्यामुळे याने क्रमांक हलत नाही. तरीही मी तो एमआर (मराठीचा कोड) करतेच. स्क्रीन रीडर मग मराठी उच्चार निवडू शकतो, आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात.

वेगाबद्दल थोडक्यात: काकांच्या साइटवर मोबाइलमधून सरळ चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो होते. ते लहान करून वेबपी या हलक्या प्रकारात बदलले, कोडमध्ये रुंदी-उंची लिहिली आणि सगळ्यात वरच्या फोटोवरचं लेझी लोडिंग (फोटो गरज पडेल तेव्हाच आणण्याची सोय) काढलं. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गुगलचा निकष आहे. तपासणी मोबाइलवरच करा, कारण गुगल आता साइटची मोबाइल आवृत्तीच वाचतं, हा बदल पूर्ण झाल्याचं त्यांनी ऑक्टोबर २०२३मध्ये जाहीर केलं. काकांच्या थीममध्ये दरांचा तक्ता मोबाइलवर लोडच होत नव्हता, म्हणजे गुगलच्या लेखी तो नव्हताच.

एवढं झाल्यावर मी टूल उघडते. स्क्रीमिंग फ्रॉग हा साइटची पानं एकेक करून तपासणारा प्रोग्रॅम फुकटात ५०० पत्ते तपासतो, आपल्याकडच्या बहुतेक साइटना तेवढं पुरतं. तुटलेल्या लिंका, दोन पानांना एकच टायटल, थीमबरोबर आलेली नमुना पानं, हे सगळं त्यात एका बैठकीत दिसतं. शेवटची खातरजमा सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गुगलचं टूल) करते. प्रत्येक महत्त्वाचं पान तिथे तपासून ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ चालवते आणि गुगलला मिळालेल्या एचटीएमएलमध्ये कलमांचा दर शोधते. तो तिथे सापडला तरच काम झालं असं धरते. काकांना मी सांगून ठेवलं आहे की दर बदलला की आधी पानावरचा आकडा बदला आणि मग नवं पत्रक छापा. लागवड जुलै-ऑगस्टमधली, त्यामुळे चौकशी उन्हाळ्यातच सुरू होते. एप्रिलच्या आधी त्या वर्षीचे दर आणि शिल्लक पानावर असायला हवेत.